नाण्यांवरील राष्ट्रीय चिन्हे आणि त्यांचे अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाण्यावर राष्ट्रीय चिन्ह का असते?

नाणे ही मुळात शासनाने दिलेली हमी असते. धातूच्या या चकतीचे वजन, कस आणि मूल्य यांची जबाबदारी आमची, असे सांगण्यासाठी सत्ताधीश प्राचीन काळापासून आपला ठसा तिच्यावर उमटवत आले आहेत. आजच्या चलनी नाण्यांचे मूल्य त्यांतील धातूवर ठरत नाही, ते शासनाच्या शब्दावर ठरते. त्यामुळे हमी देणारा कोण हे सांगणारी खूण आजही तितकीच आवश्यक आहे. मात्र चिन्हाचे काम केवळ ओळख पटवण्यापुरते नसते. शेकडो शक्य चित्रांतून राज्यसंस्था एक चित्र निवडते आणि त्या निवडीतून आपण स्वतःला कोण समजतो, कोणत्या वारशावर हक्क सांगतो, हे जाहीर करते. म्हणून नाणे हातात घेतल्यावर त्यावर कशाचे चित्र आहे एवढेच पाहून थांबू नये. तेच चित्र का निवडले आणि त्याच्या जागी पूर्वी काय होते, हेही विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

ही प्रथा किती जुनी आहे?

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला अथीना देवीचे मुख आणि दुसऱ्या बाजूला तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि नगराच्या नावाची पहिली तीन अक्षरे दिसतात. देवी, तिचा पक्षी, भूमीचे पीक आणि नाव एवढ्या चार गोष्टींत नगराचा पूर्ण परिचय होतो. ग्रीसने २००२ मध्ये युरो चलनात आणला, तेव्हा आपल्या एक युरोच्या नाण्यावर हेच प्राचीन नाणे घुबडासह कोरले.

भारतात चोळ राजांच्या नाण्यांवर बसलेला वाघ, त्याच्यासोबत दोन मासे आणि धनुष्य असे चित्र आढळते. वाघ हे चोळांचे, मासे हे पांड्यांचे आणि धनुष्य हे चेरांचे राजचिन्ह होते. पराभूत राजघराण्यांची चिन्हे आपल्या चिन्हाशेजारी बसवून चोळांनी तमिळ प्रदेशावरील आपले प्रभुत्व एका दृष्टिक्षेपात सांगितले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर तर कोणतेही चित्र नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढीच नागरी अक्षरे आहेत. ज्या काळात आजूबाजूच्या सत्तांची नाणी फार्सी मजकुराची होती, त्या काळात नागरी लिपीची निवड हीच स्वतंत्र राज्याची घोषणा होती.

भारतीय नाण्यांवरील सिंहमुद्रेचा अर्थ काय?

सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शीर्षावरून ही मुद्रा घेतलेली आहे. मूळ शिल्प ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील असून त्यात चार सिंह एकमेकांकडे पाठ करून चार दिशांना तोंड करून बसलेले आहेत. सपाट पृष्ठभागावर समोरून पाहताना त्यांतील तीनच दिसतात. सिंहांखालच्या गोलाकार पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी कोरलेले असून प्रत्येक दोन प्राण्यांमध्ये एक चक्र आहे. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या राजमुद्रेत समोर मध्यभागी चक्र, उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा दिसतो. मूळ शिल्पातील घंटेच्या आकाराचे कमळ मुद्रेतून वगळण्यात आले आणि खाली मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन देवनागरीत आले.

या निवडीमागचा विचार समजण्यासाठी त्या वेळची पर्यायांची यादी मनात आणावी. नव्या प्रजासत्ताकाला कोणत्याही एका राजघराण्याचे, एका प्रांताचे किंवा हयात व्यक्तीचे चिन्ह नको होते. अशोकाचा वारसा पुरेसा प्राचीन होता, त्याच्या कोरीव लेखांमुळे तो देशाच्या दूरदूरच्या भागांशी जोडलेला होता, आणि युद्धानंतर धम्माकडे वळलेल्या सम्राटाच्या स्मृतीत सत्तेबरोबर संयमाचाही अर्थ होता. सिंहांमधून सामर्थ्य आणि चक्रातून धर्माचरण व्यक्त होते. हे दोन्ही एकाच मुद्रेत असणे हेच तिचे मर्म आहे.

१५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची पहिली नाणी चलनात आली, तेव्हा ब्रिटिश राजाच्या मुखाची जागा या सिंहशीर्षाने घेतली. १९४७ च्या रुपयावर मागील बाजूस वाघ होता; त्याच्या जागी धान्याची कणसे आली. मुद्रेतील बैलाला आण्याच्या नाण्यांवर आणि घोड्याला एका पैशाच्या नाण्यावर स्वतंत्र स्थान मिळाले. एका मालिकेत राजा आणि वाघ दोघेही गेले आणि शेतकऱ्याचे पीक पुढे आले, हा बदल मला भारतीय नाण्यांच्या इतिहासातील सर्वांत बोलका वाटतो.

भारतीय नाण्यांवर सिंहमुद्रेखेरीज आणखी कोणती राष्ट्रीय चिन्हे आली?

१९९० च्या दशकातील अकरा बाजूंच्या दोन रुपयांच्या नाण्यावर भारताचा नकाशा, त्यावर ध्वज आणि ‘राष्ट्रीय एकता’ हे शब्द होते. २०११ पासून नाण्यांवर ₹ हे चिन्ह दिसू लागले. १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेल्या या चिन्हात देवनागरी ‘र’ आणि रोमन लिपीतील त्याच ध्वनीचे अक्षर यांचा मेळ असून वरच्या दोन आडव्या रेषा तिरंग्याची आठवण करून देतात. २०१९ च्या मालिकेतील वीस रुपयांच्या बारा बाजूंच्या नाण्यावर पुन्हा धान्याचे रेखाटन आले आहे, म्हणजे १९५० चा धागा अजून तुटलेला नाही.

राजाचे किंवा नेत्याचे मुख हे राष्ट्रीय चिन्ह मानावे का?

याचे उत्तर प्रत्येक देशाच्या राज्यपद्धतीवर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये राजमुख हेच राज्याचे प्रतीक मानले जाते आणि प्रत्येक नव्या राजाने आधीच्या राजाच्या विरुद्ध दिशेला पाहावे असा संकेत आहे. म्हणून एलिझाबेथ दुसऱ्या उजवीकडे पाहतात आणि चार्ल्स तिसरे डावीकडे. अमेरिकेत १७९२ मध्ये नाण्यांचा कायदा होत असताना राष्ट्राध्यक्षाचे मुख असावे अशी सूचना आली होती, परंतु ती राजेशाहीची प्रथा ठरेल म्हणून नाकारली गेली आणि नाण्यावर स्वातंत्र्याची प्रतिमा असावी असे ठरले. अब्राहम लिंकन यांचे मुख १९०९ मध्ये एका सेंटवर आले, तेव्हा अमेरिकेच्या नित्य वापरातील नाण्यावर प्रथमच एका वास्तव व्यक्तीला स्थान मिळाले. जपानमध्ये सम्राट असूनही नित्य वापराच्या नाण्यांवर त्याचे चित्र नसते. तेथे फुले, पीक, रोपटे आणि वास्तू यांची निवड केली गेली आहे.

प्राणी आणि पक्षी इतक्या वेळा का दिसतात?

प्राण्याची आकृती लहान जागेत ओळखू येते, ती कोणत्याही पक्षाची किंवा पंथाची नसते, आणि एखादा प्राणी विशिष्ट भूमीतच आढळत असेल तर तो त्या भूमीचे नाव न लिहिताही तिची ओळख देतो. मेक्सिकोच्या नाण्यांवरील निवडुंगावर बसून सापाला धरणारा गरुड हे तर एका संपूर्ण दंतकथेचे चित्र आहे: असा गरुड जेथे दिसेल तेथे नगर वसवावे, या संकेतानुसार अझ्टेक लोकांनी टेनोच्टिट्लान वसवले, असे परंपरा सांगते.

या विषयातील सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग मला आयर्लंडचा वाटतो. स्वतंत्र आयरिश राज्याने आपल्या नाण्यांसाठी समिती नेमली आणि कवी डब्ल्यू. बी. येट्स तिचे अध्यक्ष होते. १९२८ मध्ये आलेल्या मालिकेत एका बाजूला सर्वत्र वीणेसारखे तंतुवाद्य, म्हणजे आयरिश हार्प, आणि दुसऱ्या बाजूला मूल्यानुसार वेगवेगळे प्राणी होते: अर्ध्या क्राउनवर घोडा, फ्लोरिनवर सामन मासा, शिलिंगवर बैल, सहा पेन्सवर शिकारी कुत्रा, तीन पेन्सवर ससा, पेनीवर पिलांसह कोंबडी, अर्ध्या पेनीवर पिलांसह डुकरीण आणि फार्दिंगवर वुडकॉक पक्षी. शिल्पकार पर्सी मेटकाफ यांनी ही चित्रे घडवली. यात हुतात्मा नाही, संत नाही, लढाई नाही. शेतीवर जगणाऱ्या देशाने आपल्या अंगणातील आणि पाण्यातील सजीवांना राज्याच्या नाण्यावर आणले. आयर्लंडच्या आजच्या आठही युरो नाण्यांवर मात्र केवळ हार्प उरला आहे. सुसूत्रतेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे असले, तरी त्या प्राण्यांच्या जाण्याने मोठी श्रीमंती हरवली असे मला वाटते.

ऑस्ट्रेलियाने १९६६ मध्ये दशमान नाणी आणली तेव्हा स्टुअर्ट डेव्हलिन यांनी एकिड्ना, लायरबर्ड आणि प्लॅटिपस असे त्या खंडाचे वैशिष्ट्य असलेले प्राणी कोरले. पन्नास सेंटवर कांगारू आणि एमू यांनी धरलेले राजचिन्ह होते. हे दोन प्राणी मागे चालत नाहीत म्हणून ते प्रगतीचे प्रतीक आहेत, असे नेहमी सांगितले जाते. हा लोकांनी प्रेमाने जोडलेला अर्थ आहे, आणि तो तसा ओळखूनच सांगावा. ब्रिटनने २०२३ मध्ये चार्ल्स तिसऱ्यांच्या नाण्यांसाठी डॉरमाउस, तांबडी खार, पफिन, सामन आणि मधमाश्या निवडल्या. तेथे प्राण्याचा अर्थ पुन्हा बदलला आहे: पूर्वीच्या ढालींवरील सिंह सामर्थ्य दाखवत होता, तर ही तांबडी खार जपण्याची जबाबदारी दाखवते.

नाण्यावरील तारे, बाण किंवा फिती मोजण्यात काही अर्थ असतो का?

अनेकदा असतो, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही. स्वित्झर्लंडच्या अर्धा, एक आणि दोन फ्रँकच्या नाण्यांवर उभ्या असलेल्या हेल्वेशियाभोवती, म्हणजे स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीभोवती, पूर्वी २२ तारे होते. १९७९ मध्ये ज्युरा हा नवा प्रांत अस्तित्वात आला आणि १९८३ च्या नाण्यांपासून ताऱ्यांची संख्या २३ झाली. सोव्हिएत संघाच्या नाण्यांवरील राजचिन्हात गव्हाच्या पेंढ्यांना गुंडाळलेल्या फितीचे वेढे प्रजासत्ताकांच्या संख्येप्रमाणे बदलत राहिले. १९५६ मध्ये कारेलो-फिनिश प्रजासत्ताक रशियात विलीन झाल्यावर ते १६ चे १५ झाले. म्हणजे वर्ष झिजून गेलेले असले तरी केवळ वेढे मोजून नाण्याचा काळ बराचसा ठरवता येतो.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. युरोवरील १२ तारे सदस्य देशांची संख्या सांगत नाहीत. ते युरोपच्या ध्वजावरून आले असून पूर्णता आणि ऐक्य सुचवतात, म्हणूनच सदस्य वाढले तरी तारे वाढले नाहीत. अमेरिकेच्या १८५३ च्या चांदीच्या नाण्यांवर वर्षाच्या दोन्ही बाजूंस लहान बाण दिसतात. युद्धाशी त्यांचा काहीही संबंध नाही. नाण्याचे वजन कमी केले होते आणि हलके नाणे लगेच ओळखू यावे म्हणून ती खूण केली होती. प्रत्येक रेषेत राष्ट्रीय आशय शोधणाऱ्या वाचकाला हे उदाहरण सावध करते.

धान्य, दातेरी चाक, रोपटे ही राष्ट्रीय चिन्हे कशी?

यांतून देश आपल्या उपजीविकेची ओळख देतो. जपानच्या पाच येनच्या नाण्याइतके हे नेटकेपणाने क्वचितच कुठे साधले असेल: भाताची ओंबी शेती दाखवते, तिच्याखालच्या आडव्या रेषा पाणी आणि मासेमारी दाखवतात, आणि मधल्या छिद्राभोवतीचे दाते उद्योग दाखवतात. नाण्याचे छिद्रच चाकाचा मध्य झाले आहे. मागील बाजूच्या कोंबांतून वनसंपदा येते.

चलन एकच असताना युरोच्या नाण्यांवर वेगवेगळ्या देशांची चिन्हे का आहेत?

एक बाजू सर्वांची समान आणि दुसरी प्रत्येक देशाची, अशी ही तडजोड आहे. समान बाजू बेल्जियमच्या टांकसाळीतील ल्यूक लुइक्स यांनी घडवली. राष्ट्रीय बाजूवर जर्मनीने गरुड, ब्रँडेनबर्ग दरवाजा आणि ओकची डहाळी निवडली. ऑस्ट्रियाने लहान नाण्यांवर डोंगरी फुले आणली. इटलीने एक युरोवर लिओनार्दो दा विंचीचे मानवी प्रमाणांचे रेखाटन घेतले. फ्रान्सने लहान नाण्यांवर मारियान, म्हणजे प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेली स्त्री, आणि मधल्या नाण्यांवर बी पेरणारी स्त्री ठेवली. २०२३ मध्ये सामील झालेल्या क्रोएशियाने आपल्या सर्व नाण्यांच्या पार्श्वभूमीवर राजचिन्हातील चौकटी ठेवल्या आणि एक युरोवर कुना हा प्राणी घेतला, ज्याच्या नावाने त्यांचे पूर्वीचे चलन ओळखले जात होते. सोडून द्याव्या लागलेल्या चलनाची आठवण नव्या चलनात जपण्याचा हा मार्ग विशेष लक्षात राहतो.

नाण्याला रंग नसतो. मग ध्वजाचे किंवा ढालीचे रंग कसे दाखवतात?

त्यासाठी सतराव्या शतकात युरोपात रूढ झालेली रेषांची पद्धत आहे. उभ्या रेषा म्हणजे तांबडा, आडव्या रेषा म्हणजे निळा, तिरप्या रेषा म्हणजे हिरवा, ठिपके म्हणजे सोनेरी आणि मोकळी जागा म्हणजे रुपेरी असा संकेत ठरला. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी नाण्यांच्या ढालीवर वरच्या भागात आडव्या आणि पट्ट्यांत उभ्या बारीक रेषा दिसतात. त्या केवळ शोभेच्या नाहीत. नाणे तिरप्या प्रकाशात धरून भिंगातून पाहिल्यास हे रंग अक्षरशः वाचता येतात.

चिन्हे इतकी साधी का केलेली असतात?

धातूची मर्यादा हे त्याचे मुख्य कारण आहे. भारताच्या एक रुपयाच्या सध्याच्या नाण्याचा व्यास २० मिलिमीटर आहे, आणि त्यात राजमुद्रा, वचन व देशाचे नाव दोन लिप्यांत बसवायचे असते. चित्राचा उठाव कडेच्या उंचीपेक्षा कमी ठेवावा लागतो, अन्यथा ते लवकर झिजते आणि नाणी एकावर एक नीट बसत नाहीत. शिवाय ठसा मारताना धातू दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांत शिरावा लागतो. एका बाजूला मोठे, उंच चित्र असेल तर दुसऱ्या बाजूला त्याची सावली उमटते. ब्रिटनच्या पाचव्या जॉर्जच्या पेनींवर राजमुखाची अशी छाया मागील बाजूस दिसत असे. म्हणून अनुभवी कलाकार दोन्ही बाजूंचा विचार एकत्र करतो आणि आशयाला धक्का न लावता तपशील गाळतो.

चिन्हाचा अर्थ काळाबरोबर बदलू शकतो का?

बदलतो, आणि कधीकधी शासनाच्या इच्छेविरुद्ध बदलतो. अमेरिकेच्या १९१६ च्या दहा सेंटच्या नाण्यावर शिल्पकार ॲडॉल्फ वाइनमन यांनी पंख असलेली टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवता कोरली. पंखांतून विचारस्वातंत्र्य सुचवायचे होते, परंतु लोकांना ती रोमन देव मर्क्युरी वाटली आणि नाण्याला तेच नाव चिकटले. त्याच नाण्याच्या मागील बाजूस काठ्यांची मोळी आणि तिच्यात खोवलेली कुऱ्हाड होती. प्राचीन रोममधील अधिकाराचे हे चिन्ह तेव्हा ऐक्याचे निदर्शक मानले जात होते. पुढे मुसोलिनीच्या पक्षाने तेच चिन्ह आपले केले आणि पाहणाऱ्यांच्या मनातील त्याचा अर्थ पालटला.

भारतातही असा प्रसंग घडला. ‘विविधतेत एकता’ या कल्पनेवरील दोन रुपयांच्या नाण्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रेषा आणि चार ठिपके होते. एकाच देहाची चार मस्तके असा त्याचा अभिप्रेत आशय होता, पण अनेकांना त्यात क्रूस दिसला आणि वाद झाला. २००७ पासून त्याची जागा हस्तमुद्रांच्या मालिकेने घेतली: एक रुपयावर उंचावलेला अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटे. अमूर्त चिन्ह नाण्यावर आणणे किती जोखमीचे असते हे यावरून दिसते, कारण नाण्यासोबत खुलासा देता येत नाही.

केवळ अक्षरे असलेल्या नाण्यावर राष्ट्रीय चिन्ह नाही असे म्हणावे का?

तसे म्हणता येणार नाही. उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक याने हिजरी ७७, म्हणजे इ. स. ६९६-९७ मध्ये सोन्याच्या दिनारावरून सर्व प्रतिमा काढून केवळ अरबी धर्मवचने ठेवली, आणि पुढील अनेक शतके इस्लामी नाण्यांचे ते वळण ठरले. भाषेची निवडही चिन्हाचे काम करते. चार राष्ट्रभाषा असलेला स्वित्झर्लंड नाण्यांवर लॅटिन नाव वापरतो, जेणेकरून कोणतीही एक भाषा वरचढ ठरू नये. दक्षिण आफ्रिकेने उलट मार्ग स्वीकारला आणि वेगवेगळ्या नाण्यांवर देशाचे नाव वेगवेगळ्या राजभाषांत दिले.

चिन्ह कोणते असावे हे कोण ठरवते?

भारतात २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाण्यांचे आकार, मूल्य आणि रचना ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. रिझर्व्ह बँक फक्त वितरण करते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींत नाणी पडतात. युरो वापरणाऱ्या देशांना राष्ट्रीय बाजू साधारणपणे १५ वर्षांतून एकदाच बदलता येते. राष्ट्रप्रमुखाचे मुख असेल आणि तो बदलला, तर अपवाद आहे.

क्वचित योगायोगही निर्णय करतो. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यासाठी होडीतून जाणाऱ्या प्रवाशांचे चित्र ठरले होते. १९८६ मध्ये त्याचे मूळ ठसे ओटावाहून विनिपेगला नेताना गहाळ झाले आणि बनावट नाण्यांचा धोका टाळण्यासाठी वेगळे चित्र घ्यावे लागले. १९८७ मध्ये रॉबर्ट-राल्फ कारमायकेल यांचा लून पक्षी नाण्यावर आला, आणि आज कॅनडाचे लोक त्या नाण्याला ‘लूनी’ म्हणूनच ओळखतात.

वर्षाखालील ठिपका किंवा तारा हेही राष्ट्रीय चिन्ह आहे का?

नाही. ती टांकसाळीची खूण असते. भारतीय नाण्यांवर चौकोनी हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा आणि गोल ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते.

अनोळखी नाण्यावरील चिन्हाचा अर्थ कसा शोधावा?

प्रथम वर्ष आणि देशाचे नाव वाचावे, मग मध्यवर्ती आकृती, आणि त्यानंतर तिच्याभोवतीच्या लहान वस्तू संख्येसह नोंदवाव्यात. त्या देशाच्या अधिकृत राजचिन्हाशी तुलना केल्यावर कोणता भाग घेतला आणि कोणता गाळला हे समजते. शेवटी त्याच मूल्याचे आधीच्या मालिकेतील नाणे शेजारी ठेवावे. हा शेवटचा टप्पा नवे संग्राहक बहुधा वगळतात. पण १९४७ चा वाघाचा रुपया आणि १९५० चा कणसांचा रुपया शेजारी ठेवून पाहिले, तर कोणत्याही माहितीपत्रकाशिवाय बरेच काही कळते. झिजलेल्या नाण्यावर तपशील दिसत नसतील तर ते घासून स्वच्छ करू नये, कारण घासण्याने उरलेला उठावही जातो; दिवा बाजूला, अगदी खाली ठेवून पाहावे, म्हणजे सिंहाची आयाळ किंवा फितीचा वेढा सावलीमुळे उठून दिसतो.